ताकदीची गोळी घेण्याआधी रक्त तपासा

जीबीएसमधून, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोममधून, उठलेल्या प्रत्येकाला आणि त्यांच्या घरच्यांना ही कळकळीची विनंती आहे. थकवा जात नाही म्हणून उद्या मेडिकलमध्ये जाऊन ‘नसांची गोळी द्या’ म्हणणार असाल, तर एक दिवस थांबा. आधी रक्त द्या, बी-१२ तपासून घ्या. आणि अहवालात कमतरता निघाली तर मग मात्र एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. सध्या घराघरांत नेमकं याच्या उलट चाललंय. तपासणी महिनोन्‌महिने होत नाही आणि गोळ्या मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघर जाऊन व्यायाम करून घेते. औषध लिहून देणं माझं काम नव्हे, त्यामुळे इथे मी कुणाला डोस सांगणार नाही. पण घरी जाणाऱ्या माणसाला ओपीडीत न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. फ्रिजवर ठेवलेली गोळ्यांची पिशवी दिसते. त्या पिशवीत डॉक्टरांनी लिहून दिलेलं एखादंच पाकीट असतं. बाकीची शेजारच्या काकांनी सुचवलेली, मेव्हण्यानं आणून दिलेली, मोबाइलवर जाहिरात बघून मागवलेली. त्या पिशवीपायीच हे लिहायला बसले आहे.

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघू लागले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित आणि निश्चित मिळून आकडा दोनशेच्या वर गेला. काही जण दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कुठे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, कुठे नोरोव्हायरस. विहिरीचं पाणी, टँकर, खासगी आरओ केंद्रं, कोंबडीची दुकानं, सगळ्यांकडे बोटं दाखवून झाली. केंद्राचं पथक येऊन गेलं, घरोघर सर्वेक्षण झालं. मग हा विषय वर्तमानपत्रांतून गेला. व्हेंटिलेटरवरून उतरून वॉकर घेऊन घरी आलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे कुणी फारसं विचारलं नाही. आणि हा आजार काही पुण्यापुरता नाही. साथ नसतानाही दरवर्षी लाखात एक-दोन जणांना तो होतच असतो, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात यातून उठलेली माणसं आहेत. ती तुमच्या सोसायटीत, तुमच्या वाडीत असू शकतात.

आजार काय करतो ते थोडक्यात सांगते. पोटाचं किंवा घशाचं काहीतरी दुखणं होतं, त्याच्याशी लढायला शरीर फौज उभी करतं, आणि ती फौज चुकून स्वतःच्याच नसांवर उठते. नसेभोवती मायलिनचं वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. ते सोलवटलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. पायातून सुरू झालेला लुळेपणा वर चढत छातीपर्यंत गेला तर श्वास अडतो. १९१६मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये याचं वर्णन केलं (बिचाऱ्या स्ट्रोल यांचं नाव पुढे कुणी घेतलं नाही). यावर आज दोन उपचार आहेत. एक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, दुसरा प्लाझ्मा बदलणं. दोन्ही हल्ला थोपवतात. झालेली मोडतोड मात्र शरीराला आपल्या गतीनं दुरुस्त करावी लागते. नुसतं वेष्टण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तुमच्या कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशेब करा.

आता थकव्याकडे येते. जीबीएसमधून बरं झालेल्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिक जणांना तीव्र थकवा राहतो. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण साठ ते ऐंशी टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. आणि यातली फसवी गोष्ट अशी की, हातापायांतली ताकद परत आली म्हणून थकवा जातोच असं नाही. माझ्याकडचा एक तरुण व्यायामाच्या वेळी माझा हात असा घट्ट दाबतो की मलाच ‘पुरे’ म्हणावं लागतं. तोच तरुण सकाळी आंघोळ करून बाहेर आला की ओल्या केसांनी पलंगावर बसून राहतो. शर्ट बाजूला पडलेला असतो. बटणं लावायची असतात, बोटं चालतात, पण सुरुवात करायला जोर नसतो. अर्ध्या तासानं आई येऊन बटणं लावते आणि जाता जाता म्हणते, “जरा मनावर घे रे.” त्या माउलीचा काही दोष नाही. डॉक्टरांनी तिला ‘आता बरा आहे’ असंच सांगितलेलं असतं.

अशा वेळी घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक, पोरगा आळशी झालाय. दोन, ‘अशक्तपणा’ आहे, काहीतरी ताकदीचं द्यायला हवं. पहिल्या निष्कर्षानं माणूस खचतो, दुसऱ्यानं पिशवी भरते. दोन्ही चुकीच्या जागी नेतात, कारण मधला साधा प्रश्न कुणी विचारतच नाही: या थकव्यात विटामिनच्या कमतरतेचा वाटा आहे का, आणि असला तर कुठल्या?

हा प्रश्न आपल्याकडे विशेष निकडीचा आहे, कारण आपल्याकडे बी-१२ची कमतरता आजाराच्या आधीपासूनच घरात वस्तीला असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यात खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरी मध्यमवर्गातलेही होते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. म्हणजे ज्यांच्या घरी फ्रिज, मिक्सर आणि फॅमिली डॉक्टर आहे, तिथेच कमतरता सर्वांत जास्त. सुशिक्षित घरांत ‘आम्ही व्यवस्थित खातो’ हे वाक्य मी फार ऐकते, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

बी-१२ वनस्पतींत नसतं. पालकात नाही, बिटात नाही, खजुरात नाही, मोड आलेल्या मटकीतही नाही. रक्त वाढावं म्हणून आपण जे जे खाऊ घालतो त्यातलं जवळपास काहीच इथे कामाचं नाही. ते मटण, मासे, अंडी, दूध, दही यांतून मिळतं. अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, शंभर मिली दुधात जवळपास तेवढंच, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. आता आपल्या घरातलं खरं दूध मोजा. दिवसातून तीन कप चहा, त्यात प्रत्येकी दोन-तीन चमचे दूध. मांसाहारी म्हणवणाऱ्या घरांतही रविवारचं चिकन, त्यातून संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार आणि अख्खा श्रावण वगळायचा. बाईच्या ताटात रस्सा येतो आणि फोडी इतरांच्या ताटात जातात, हे वेगळं सांगायला नको.

त्यात औषधांची भर पडते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ उतरतं. ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणून रोज सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांचंही. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातून हे विटामिन सुटं होत नाही. आणि आयसीयूतून सुटताना मिळालेली ती ॲसिडिटीची गोळी आपल्याकडे बंद करायला कुणाला आठवत नाही. महिन्याभरासाठी लिहिलेली गोळी दोन-दोन वर्षं चालू असलेली मी पाहिली आहे. ती स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत ‘ही अजून लागते का?’ एवढं जरूर विचारा.

आता निकड कशात आहे ते ऐका. बी-१२ कमी झालं की हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, पाय जमिनीवर नीट पडत नाहीत, अंधारात तोल जातो, विसरायला होतं आणि सगळ्यांत आधी दमणूक येते. जीबीएसनंतरही यातलं बरंच काही होतं. त्यामुळे रुग्ण आणि घरचे सगळं जुन्या आजाराच्या खात्यावर टाकतात. ‘नसा भरून येताहेत, मुंग्या येणारच’ असं एकमेकांना समजावतात. पण सुधारत आलेल्या माणसाच्या मुंग्या पुन्हा वाढू लागल्या, जीभ लाल-गुळगुळीत झाली, तोंड येऊ लागलं, रात्री दिवे गेल्यावर संडासापर्यंत जाताना भिंत धरावी लागू लागली, तर तो बी-१२चा निरोप असू शकतो. इथे उशीर परवडत नाही. बी-१२च्या अभावानं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही इजा होते. लवकर उपचार मिळाले तर ती बरीचशी भरून येते. महिनोन्‌महिने गेले तर काही नुकसान कायमचं राहतं. एका हल्ल्यातून सावरणाऱ्या नसांना दुसरा हल्ला घरबसल्या होऊ देण्यासारखं हे आहे, आणि हा दुसरा एका रक्ततपासणीनं आणि स्वस्तातल्या औषधानं टळतो.

म्हणून तपासणी. आणि तीही गोळी सुरू करण्याआधी. गोळ्या सुरू केल्यावर रक्तातला आकडा वर दिसतो आणि मूळचा खड्डा किती होता ते कळत नाही. बहुतेक प्रयोगशाळा २००च्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३००च्या मधला आकडा संशयाचा. तिथे कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासायला सांगू शकतात. अहवाल व्हॉट्सॲपवर आला, लाल अक्षर दिसलं नाही, म्हणून फाइलबंद करू नका. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी-१२ चांगलं असणार, हाही एक गोड गैरसमज. रक्त ठीक असताना नसांना त्रास होऊ शकतो. फॉलिक ॲसिडच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तर हे हमखास फसतं. रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

रक्त देताच आहात तर त्याच सुईत बाकीचंही काढून घ्या. काय काढायचं ते डॉक्टरांना विचारा. थकव्यासाठी बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटीन, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड, सोडियम आणि डी विटामिन पाहिलं जातं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसकट बऱ्याच तपासण्यांचे आकडे खोटे दाखवतं.

आता त्या पिशवीबद्दल.

एका घरात मी गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून मागची बारीक अक्षरं तिथल्या ताईंना वाचायला लावली. पहिलं पाकीट ‘नसांसाठी’: त्यात मिथाइलकोबालामिन आणि पायरिडॉक्सिन. दुसरं ‘मुंग्यांसाठी’: त्यातही पायरिडॉक्सिन. तिसरं ‘मल्टिविटामिन’: पुन्हा पायरिडॉक्सिन. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, आत तेच. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६. आणि बी-६चं दुखणं असं आहे की ते जास्त झालं तर स्वतःच नसा बिघडवतं. पायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा, तोल जाणं. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घ्यायची, तोच त्रास गोळी देणार, आणि तो वाढला म्हणून माणूस आणखी एक गोळी वाढवणार!

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३मध्ये मोठ्या माणसासाठी बी-६ची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात १० मिलिग्रॅमहून जास्त बी-६ देणाऱ्या उत्पादनांवर नसांच्या विकाराची सूचना छापावी लागते. आपल्याकडच्या पाकिटांवर आकडा बघा, तीन पाकिटांतले आकडे मिळवा, आणि ती बेरीज डॉक्टरांना दाखवा. एक अपवाद मात्र ठळकपणे लक्षात ठेवा. क्षयरोगाची औषधं चालू असलेल्यांना आयसोनियाझिडमुळे बी-६ मुद्दाम दिलेलं असतं. ते अजिबात बंद करायचं नाही.

डी विटामिनचंही असंच. साठ हजार युनिटची ती पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांसाठी दिलेली असते. ‘चांगली मानवली’ म्हणून रोज घेणारी, आणि चार-चार महिने घेणारी माणसं आहेत. डी कमी असेल तर जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर लागत नाही, हाडं दुखतात, हे खरं. पण जास्त झालेलं डी लघवीवाटे जात नाही, शरीरात साठतं. रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, डोक्यात गोंधळ आणि शेवटी मूत्रपिंडावर गदा. गंमत अशी की त्याचंही पहिलं लक्षण बऱ्याचदा थकवाच असतं.

आणि ते सलाईन. ‘दोन बाटल्या लावा डॉक्टर, ताकद येईल’ ही मागणी आपल्याकडे इतकी मुरली आहे की न लावणारा डॉक्टर वाईट ठरतो. बाटलीत बहुतेक वेळा पाणी, मीठ, थोडी साखर असते. त्यात लाल इंजेक्शन मारलं की बाटली गुलाबी होते आणि पेशंटला बरं वाटायला लागतं. तो लाल रंग बी-१२चाच, त्यातल्या कोबाल्टच्या संयुगाचा. ज्याचं बी-१२ खरोखर कमी आहे त्याला ते इंजेक्शन संजीवनीसारखं लागू पडतं. ज्याचं कमी नाही, त्याच्या जीबीएसच्या नसा त्यानं लवकर भरून येतात याला भक्कम पुरावा नाही. तो पैसा दुधा-अंड्याला आणि फिजिओथेरपीला लावा. (माझ्या धंद्याची जाहिरात वाटली तर वाटू द्या.)

सलाईनच्या बाबतीत एक धोका मात्र खरा आहे. आजारपणात जो माणूस दोन-तीन आठवडे नीट जेवलेला नाही, सारखा ओकतोय, किंवा ज्याला रोजच्या दारूची सवय आहे, त्याच्या शरीरातला थायामिनचा, म्हणजे बी-१चा साठा संपलेला असू शकतो. अशाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे सुई टोचण्याआधी हे सगळं डॉक्टरांना सांगा. दारूची गोष्ट तर लपवूच नका. थायामिन संपल्यावर येणारा पायांचा लुळेपणा कधी कधी थेट जीबीएससारखा दिसतो.

माळकरी, जैन आणि कट्टर शाकाहारी घरांतून एक शंका हमखास येते: बी-१२ची गोळी चालेल का? चालेल. औषधातलं बी-१२ प्राण्यांपासून काढत नाहीत, जिवाणूंच्या किण्वनातून बनवतात. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी मागून घ्या. आणि एकदा खोल कमतरता निघाली की नुसत्या पेलाभर दुधावर ती भरून निघत नाही. औषध घ्यावंच लागतं, इंजेक्शन की गोळी ते डॉक्टर ठरवतील. मुंग्या आहेत, तोल जातो आहे, अशांना बहुधा सुरुवात इंजेक्शननं करतात. पाच इंजेक्शनं झाली, बरं वाटलं, मग सोडून दिलं, असं करू नका. ज्या कारणानं साठा संपला ते कारण, मग ते जेवण असो की मेटफॉर्मिन, तसंच राहिलं तर तो पुन्हा संपणार.

आता समजा सगळे अहवाल चांगले आले, किंवा कमतरता भरून निघाली, आणि थकवा तरीही आहे. तसं बऱ्याच जणांचं होणार आहे. कृपा करून तेव्हा त्या माणसाला खोटं पाडू नका. अहवाल नॉर्मल असणं म्हणजे थकवा नसणं नव्हे. थकवा घालवण्यासाठी अमँटाडीन नावाचं औषध जीबीएसच्या रुग्णांवर रीतसर तपासलं गेलं, त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो व्यायामाचा. नेदरलँड्समध्ये २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तीव्र थकवा असलेल्या २० जणांकडून १२ आठवडे देखरेखीखाली सायकलिंग करून घेतलं. थकव्याचे गुण सुमारे वीस टक्क्यांनी उतरले. वीस टक्के म्हणजे थोडं वाटेल, पण ज्याला आंघोळीनंतर शर्ट घालता येत नाही त्याच्यासाठी तो शर्ट घालण्याइतका फरक आहे.

इथे ‘व्यायाम’ म्हणजे जिद्दीनं सिंहगड चढणं नव्हे. एक दिवस बरं वाटलं म्हणून सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस पलंगावर काढायचे, ही सगळ्यांची पहिली खोड असते. दमण्याच्या थोडं आधी थांबायचं, खुर्चीवर बसून आंघोळ करायची, जड कामाच्या आधी आणि नंतर पडायचं, आणि व्यायाम आठवड्या-आठवड्यानं चिमूटभर वाढवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकं उठता येत नसेल तर काल जास्त झालं. रात्री झोप लागत नसेल, पाय दुखत असतील, मन उदास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या तिन्हींवर इलाज आहेत आणि तिन्ही थकव्याला खतपाणी घालतात.

घरच्या बाईला जीबीएस झाला असेल तर ही विनंती दुप्पट जोरानं. पुरुष आजारातून उठला की त्याला निदान ‘पडून राहा’ म्हणणारं कुणी असतं. बाई वॉकर सोडून भिंतीला धरून चालू लागली की पहिल्यांदा स्वयंपाकघरातच जाते, आणि तिला कुणी अडवत नाही. एका घरात सूनबाई ओट्याला पोट टेकवून, एका हातानं कडा धरून दुसऱ्या हातानं पोळ्या लाटत होत्या. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, “बघा, आता सगळं करते.” मी स्वयंपाकघरात प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि लाटणं यजमानांच्या हातात दिलं. त्यांनी नकाशे लाटले. नकाशे खाऊन कुणी आजारी पडत नाही.

मालकांनो, मॅनेजरसाहेब, शाळांच्या मुख्याध्यापकांनो, तुमच्याकडे परत येणारा माणूस चालत आला, हसला, बोलला, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी लावू नका. काही महिने अर्धा दिवस द्या, बसून करायचं काम द्या, दुपारी वीस मिनिटं आडवं होण्याची जागा द्या. विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ द्या, पी.टी.च्या तासाला बाकावर बसू द्या. घर चालवणारी नोकरी थकव्यापायी गेली की माणूस औषधंच बंद करतो, आणि फिजिओथेरपी तर त्याच्याही आधी.

औषध दुकानदारांनाही हात जोडून सांगणं आहे. समोरचा ‘नसांचं काहीतरी द्या’ म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: “आधीपासून काय चालू आहे?” तेवढ्यानं निम्म्या दुहेरी गोळ्या वाचतील. महापालिका, ग्रामपंचायती आणि आरोग्य खात्याकडे मागणं असं की, जीबीएसच्या रुग्णांची नावं-पत्ते तुमच्या सर्वेक्षणात आहेतच. त्या घरी पुन्हा एकदा आरोग्यसेविका किंवा आशाताई पाठवा, बी-१२ मोफत तपासा, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीचे दिवस ठरवून द्या. साथीच्या वेळी जो खर्च केला त्याच्यापुढे हा चिल्लर आहे.

आणि हे शेवटचं घाईचं. थकवा वेगळा आणि नव्यानं येणारा लुळेपणा वेगळा. जे काल करता येत होतं ते आज येत नाही, जिना चढता येत होता तो आता येत नाही, हातातून भांडं सुटतंय, गिळताना ठसका लागतोय, आवाज बदललाय, एका दमात वाक्य पुरं होत नाही, यातलं काहीही झालं तर ते विटामिनचं काम नाही. सुरुवातीच्या दोन महिन्यांत काही रुग्णांचा आजार उपचारानंतर पुन्हा उसळी घेतो, आणि त्याहून पुढे दुबळेपणा वाढत राहिला तर सीआयडीपी हा वेगळा, पण उपचार असलेला आजार निघू शकतो. अशा वेळी ना मेडिकल, ना सलाईन, ना सकाळची वाट. श्वास किंवा गिळणं अडत असेल तर १०८ला फोन करा आणि जुनी डिस्चार्जची फाइल बरोबर घेऊन मोठ्या रुग्णालयात जा.

बाकीच्यांनी उद्या सकाळी एवढं करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, सिरप एका पिशवीत भरा. आयुर्वेदिक आणि ‘नैसर्गिक’ म्हणून वेगळ्या ठेवलेल्याही त्यात टाका. पिशवी आणि जुनी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा, टेबलावर सगळं मोकळं करा आणि विचारा: यातलं काय ठेवू, काय काढू, आणि बी-१२ कधी तपासू? ज्यांच्या शेजारी असा कुणी एकटा राहतो, त्यांनी त्याला नुसतं सांगू नका, सोबत घेऊन जा. जिने असतील तर रिक्षा दारापर्यंत बोलवा.